नारिंगी टोप्या

नणंदेचा फोन आला तेव्हा ती एका किटलीशी झगडत होती. भांडी विकणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगसाठी फोटो काढणं ही तिची नोकरी. चकचकीत स्टीलचा फोटो म्हणजे डोक्याला ताप, कारण समोरचं सगळं त्या भांड्याच्या पोटात दिसतं. दिवे दिसतात, स्टँड दिसतो, कॅमेऱ्यामागे वाकलेली बाईसुद्धा दिसते. मग संगणकावर बसून स्वतःला त्या किटलीतून पुसून काढायचं. हे ती कित्येक वर्षं करत आली होती.

"वहिनी, बसली आहेस ना?" नणंद म्हणाली. "नसलीस तर बस."

नणंद एका नव्या वाचनालयाच्या आतल्या सजावटीचं काम बघत होती. वहिनीने मागे तिला फोनवर एक चित्र पाठवलं होतं, ते तिने सहज ग्रंथपालांना दाखवलं, आणि आता त्यांना तेच चित्र वाचनकक्षाच्या मोठ्या भिंतीवर हवं होतं. अख्ख्या भिंतीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"खाली तुझं नाव येणार. तू फक्त मूळ फाइल पाठव, मोठी असेल ती."

तिने किटली तशीच दिव्याखाली सोडली आणि जिन्यात जाऊन उभी राहिली. कुणी बघत नाही याची खात्री करून मनसोक्त हसून घेतलं.

ते चित्र तिने पोहण्याच्या तलावावर काढलं होतं. सासूबाईंचे गुडघे धरायला लागले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना पाण्यातला व्यायाम सांगितला. तेव्हापासून दर मंगळवारी सकाळी ती त्यांना गाडीतून तलावावर न्यायची आणि व्यायाम होईपर्यंत वरच्या सज्ज्यात काचेमागे बसून राहायची. खाली पाण्यात सासूबाईंच्या वयाच्या बायका रांगेने चालायच्या, शिट्टी झाली की खाली बसायच्या, पुन्हा उठून चालायच्या. सगळ्यांच्या डोक्याला तलावाने दिलेल्या नारिंगी टोप्या. एका सकाळी छताच्या काचेतून ऊन नेमकं पाण्यावर पडलं होतं. तिने शटर अर्धा सेकंद उघडं राहील असं लावलं आणि बायका चालतील तसा कॅमेरा आडवा फिरवला. मग पुन्हा, मग पुन्हा. घरी येऊन त्यातले चांगले फोटो एकावर एक ठेवले, काठावरचा प्रशिक्षक पुसला, रंग ओढले, ताणले, आणि पुष्कळ दिवस त्याच्याशी खेळत राहिली. शेवटी उरलं ते एवढंच, हिरव्यानिळ्यावर नारिंगी पट्टे, एकमेकांत शिरणारे, आणि उजवीकडचा एक पट्टा ओळ सोडून खाली उतरलेला. बाई नाही, टोपी नाही, तलाव नाही. तिच्या हातून इतकं बरं काही कधीच झालं नव्हतं, हे तिला तेव्हाच कळलं होतं.

नवऱ्याने ते बघून "हललाय का गं?" असं विचारलं होतं. तिने ते 'हललेले' नावाच्या फोल्डरात ठेवून दिलं होतं.

घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी तिने लॅपटॉप उघडला. मग नवऱ्याला हाक मारली.

"माझं 'हललेले' नावाचं फोल्डर कुठे गेलं?"

नवरा भाजी चिरत होता. "काढून टाकलं की. लॅपटॉप भरला होता ना. तुला विचारूनच टाकलं."

"मला?"

"तू किटल्या निवडत बसली होतीस. मी म्हटलं, ते हललेले फोटो काढून टाकू का? तू म्हणालीस, टाक."

तिला आठवलं. दिवसभराचे बिघडलेले फोटो असतात, तो त्यांच्याबद्दल विचारतोय असं तिला वाटलं होतं.

"आणि मूळ फोटो? कार्डावरचे?"

"ते कार्ड तर तू तव्यांच्या वेळी साफ केलंस." तो सुरी खाली ठेवून बाहेर आला. तिचा चेहरा बघून जरा चाचरला, पण बोलला. "हे बघ, फोल्डरला नाव 'हललेले' ठेवल्यावर माणूस काय समजणार? 'चित्रं' असं ठेवायचं."

त्याचं म्हणणं खोडून काढता येत नव्हतं, आणि त्यामुळेच तिला त्याचा जास्त राग आला.

पुढचा सगळा आठवडा तिने दुरुस्तीवाल्यांच्या दुकानांत घालवला. एकाने हात वर केले. दुसऱ्याने लॅपटॉप ठेवून घेतला आणि दोन दिवसांनी मोठ्या उत्साहाने बोलावलं. "ताई, जवळजवळ सगळं परत आलंय." तिने श्वास रोखून पडद्याकडे पाहिलं. किटल्या परत आल्या होत्या. झाकणं, तवे, चिमटे, गाळण्या, हँडल ढिलं झालं म्हणून रद्द केलेलं पातेलंसुद्धा परत आलं होतं. पाण्याचा एकही फोटो नव्हता.

"महत्त्वाचं होतं ना हे?" दुरुस्तीवाल्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली. काय सांगणार त्याला?

आता उरली होती फक्त फोनवरून नणंदेला पाठवलेली प्रत. फोनने ती आपल्या सोयीने बारीक करून टाकली होती. तळहाताएवढी छापली तर ठीक, त्याहून मोठी केली की चौकोन दिसायला लागायचे. छापखानेवाला म्हणाला, काळजी करू नका, आमच्याकडे मोठं करणारं सॉफ्टवेअर आहे, नसलेलं सगळं ते भरून काढतं. त्याने एक तुकडा छापून दाखवला. सॉफ्टवेअरने खरोखरच नसलेलं सगळं भरून काढलं होतं. तिच्या नारिंगी पट्ट्यांना पिसं फुटली होती. बारीक, रेखीव, एकेक सुटी दिसेल अशी पिसं. तिने मोठ्या मेहनतीने जे जे पुसट केलं होतं ते त्या यंत्राला बिघाड वाटलं होतं आणि त्याने ते दुरुस्त केलं होतं.

"मस्त आलंय," छापखानेवाला म्हणाला. "पक्षी वाटतो."

तिने तो तुकडा गुंडाळून काखेत मारला आणि बाहेर पडली.

तेव्हा तिने ठरवलं की चित्र पुन्हा काढायचं. तलाव आहे, बायका आहेत, कॅमेरा आहे, शटर किती ठेवलं होतं ते पाठ आहे. अडलंय कुठे?

पहिल्या मंगळवारी कळलं की अडलंय टोप्यांत. तलावाने नव्या टोप्या दिल्या होत्या, पांढऱ्या. दुकानं पालथी घालून तिने नारिंगी टोप्या मिळवल्या, त्या आणेपर्यंत दुसरा मंगळवार उजाडला, तर आभाळ आलेलं. तिसऱ्या मंगळवारी ऊन होतं, पण सज्ज्याच्या काचेवर कुणीतरी 'रेलू नये' अशी पाटी नेमकी मध्यभागी चिकटवली होती. ती काठावर उतरली. काठावरून सगळं बदलत होतं. पाणी हिरवं न दिसता राखाडी दिसायचं, टोप्या एकमेकींआड जायच्या, आणि घरी येऊन पडद्यावर बघितलं की प्रत्येक फोटो ओल्या फडक्याने फरशी पुसल्यासारखा.

तिने तळहाताएवढी प्रत छापून एका पुठ्ठ्यावर लावली होती. ती समोर धरून फोटो काढायचे आणि ताडून बघायचे. जितकं ताडून बघावं तितका फोटो लांब जात होता. पहिल्या वेळी ती काय करत होती? काहीच नाही. सासूबाईंची वाट बघत होती, कंटाळली होती, आणि कॅमेरा गळ्यात होता. तो कंटाळा आता कुठून आणायचा?

बायका आधी खुशीत होत्या. नारिंगी टोप्या घालून मुरडत होत्या. बँकवाल्या काकू, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेल्या, अजूनही सगळ्यांना रांगेत उभं करणाऱ्या, त्यांनी स्वतःहून शिस्त लावली. टमटम नावाची एक ठेंगणी, तुरुतुरु चालणारी बाई होती, ती म्हणाली, "फोटोवाली, आम्हाला सिनेमात घेते आहेस का?" पण पुन्हा चला, पुन्हा मागे या, आता खाली बसा, नाही, आत्ता नको, असं सारखं व्हायला लागलं तशी कुरकुर सुरू झाली. प्रशिक्षक शिट्टी तोंडात धरून नुसता उभा राहायचा.

"आई, तुम्ही मागे राहताय," तिने काठावरून सांगितलं.

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

पुन्हा चालल्या. पुन्हा मागे राहिल्या.

"आई, ओळ मोडतेय."

"अगं, तेव्हाही मी मागेच असणार. मी काय नवीन मागे राहतेय?"

बायका हसल्या. उन्हाचा पट्टा पाण्यावरून भिंतीकडे सरकत होता, आणखी थोड्या वेळाने तो जाणार आणि मग पुढच्या मंगळवारपर्यंत काही नाही. ग्रंथपालांचे रोज निरोप येत होते. तिचं डोकं फिरलं.

"तुम्हाला एक साधी गोष्ट सांगितलेली कळत नाही का, आई? एकदा तरी नीट करा ना. सगळ्यांना जमतंय, तुम्हालाच कसं जमत नाही?"

तलावात आवाज घुमतो. तिचं शेवटचं वाक्य छताला लागून परत आलं आणि सगळ्यांनी ते दुसऱ्यांदा ऐकलं.

सासूबाईंनी टोपी काढली, नीट घडी करून काठावर ठेवली, आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढत त्या पाण्याबाहेर आल्या. सुनेकडे त्यांनी पाहिलंही नाही. ओल्या पावलांनी कपडे बदलायच्या खोलीत निघून गेल्या.

"पुढच्या वेळी शूटिंग असेल तर परवानगी काढून या," प्रशिक्षक म्हणाला आणि त्याने शिट्टी वाजवली.

ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. आत जाऊन माफी मागावी असं वाटत होतं आणि पाय उचलत नव्हता. थोड्या वेळाने केस पुसत बायका बाहेर आल्या. टमटम शेजारी बसली आणि तिने बाकावरचा पुठ्ठा उचलला.

"हेच का ते? ज्याच्यासाठी एवढं?"

"हो."

टमटमने चष्मा लावला. पुठ्ठा लांब धरला, जवळ धरला. "ही मी," ती म्हणाली आणि एका आखूड पट्ट्यावर बोट ठेवलं.

"मावशी, त्यात माणसं नाहीत," तिने समजावलं. "ते नुसते रंग आहेत. मी खूप बदललंय ते."

"असू दे. ही मीच. बघ की, सगळ्यांचे एवढे लांब आणि माझा तुटक तुटक. मी टुणटुण चालते म्हणून."

बँकवाल्या काकू वाकल्या. "मग हा सरळ आहे तो माझा."

"तुमचा कसला सरळ? तुम्ही पाण्यात डुलता."

"मी डुलते?"

सगळ्या त्या पुठ्ठ्याभोवती गोळा झाल्या. कुणाचा कुठला पट्टा यावरून वाद सुरू झाला. एकीला स्वतःचा सापडेना म्हणून ती हिरमुसली, तर दुसरीने तिला आपल्यातला अर्धा देऊन टाकला. फोटोवाली त्यांच्याकडे बघत होती आणि तिला नुसतं चिडल्यासारखं होत होतं. ज्यातून माणूस दिसूच नये म्हणून तिने डोळे फोडले होते, त्यात या बायका हजेरी घेत होत्या.

"आणि हा खाली उतरलेला?" कुणीतरी विचारलं.

बँकवाल्या काकूंनी क्षणभर पाहिलं. "ही रेडिओ."

रेडिओ म्हणजे त्यांच्यातली सतत बोलणारी बाई. शिट्टी व्हायच्या आधीच खाली बसायची आणि बसल्या बसल्याही बोलत राहायची. काही महिन्यांपूर्वी ती गेली होती.

"तीच," टमटम म्हणाली. "सगळ्यांच्या आधी बसली बघ." तिने चष्मा काढून पुसला आणि पुठ्ठा पुढे दिला. तो हातोहात फिरला.

तो पट्टा फोटोवालीला चांगला आठवत होता. उजवा कोपरा रिकामा वाटत होता म्हणून तिने मधल्या एका पट्ट्याची नक्कल करून तिकडे नेली होती आणि संगणकावर ब्रशने हळूहळू खाली ओढली होती. कुणाचा पट्टा होता तो? त्या दिवशी रेडिओ पाण्यात होती की नव्हती? मूळ फोटो असते तर आत्ता उघडून बघितलं असतं. मूळ फोटो नव्हते. तिने बोलायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात तिला दारात सासूबाई दिसल्या. त्या कधीपासून तिथे उभ्या होत्या कोण जाणे.

गाडीने तलाव बराच मागे टाकला.

"चुकलं माझं," शेवटी ती म्हणाली. "असं बोलायला नको होतं."

"बायकांसमोर तर नकोच होतं," सासूबाई म्हणाल्या. "मी मागे राहते कारण माझा गुडघा मागे राहतो. मला हौस नाही."

"हो, आई."

सिग्नल लागला. समोरच्या गाडीचे लाल दिवे काचेवर पसरले होते. तिला राहवेना.

"आई, तो खाली उतरलेला पट्टा खरा नाही. मी संगणकावर ओढलाय. मला तिथे काहीतरी हवं होतं म्हणून."

"असेल."

"म्हणजे ती रेडिओ नाही. ते कुणीच नाही."

सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. "त्या मंगळवारी ती आलीच नव्हती," त्या म्हणाल्या. "अंगात ताप होता. तलावावरून घरी आल्यावर मी संध्याकाळी तिच्याकडे जाऊन बसले होते. तिने माझं डोकं खाल्लं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? त्यांना ती दिसली." त्यांनी ओला टॉवेल मांडीवर नीट केला. "मलाही जरा बघू दे म्हटलं."

हिरवा दिवा लागला आणि मागच्याने हॉर्न वाजवला.

दुसऱ्या दिवशी ती ग्रंथपालांना जाऊन भेटली. मूळ फाइल राहिली नाही आणि चित्र पुन्हा काढता येत नाही, हे तिने सरळ सांगितलं. ग्रंथपाल सज्जन गृहस्थ होते. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि तिच्या काखेतल्या गुंडाळीबद्दल विचारलं. तिने छापखान्यातला तुकडा उलगडून दाखवला, मोठं करून का नको ते कळावं म्हणून. त्यांचा चेहरा खुलला.

"अहो, हे तर जास्त छान आहे. पिसं आली आहेत बघा. हेच करू."

"हे माझं नाही," ती म्हणाली. "हे यंत्राने भरलंय."

"पण तुमच्याच चित्रावरून ना? नाहीतर दुसरं एखादं हललेलं द्या. तसंच दिसेल. कुणाला कळणार आहे?"

तिने गुंडाळी बंद केली. ते जे म्हणत होते ते खरं होतं, हीच खरी अडचण होती. कुणालाच कळणार नव्हतं. तिने स्वतः कोपरा भरायला खोटा पट्टा ओढलाच होता, मग यंत्राने ओढला तर तिला एवढं का झोंबावं, हे ती त्यांना सांगू शकत नव्हती, कारण तिचं तिलाच धड सांगता येत नव्हतं. आपण ओढलेला पट्टा आपण ओढला होता, एवढंच तिला माहीत होतं.

"नको," ती म्हणाली. "छोटं लावता येईल का? जेवढं आहे तेवढंच?"

"त्या भिंतीवर?" ग्रंथपालांनी तळहात पुढे धरून त्याकडे पाहिलं. "तिकीट चिकटवल्यासारखं दिसेल हो."

नणंद चार दिवस बोलली नाही. मग फोन करून जे बोलायचं ते बोलली. "वहिनी, मी तिथे तोंडघशी पडले. एवढी संधी कुणाला मिळते? तू पिसांवरून नाही म्हणालीस?" नवऱ्याने मात्र फोल्डरचा अपराध डोक्यावर असल्यामुळे तिचीच बाजू घेतली, पण तो बाजू घेताना "तिला पक्षी आवडत नाहीत" असं काहीतरी बोलला आणि तिने त्याच्या हातून फोन काढून घेतला.

मोठ्या भिंतीवर शेवटी एका जंगलाचा फोटो लागला. लख्ख, पानन् पान दिसणारा. लोकांना तो आवडला. नणंदेच्या भिडेखातर ग्रंथपालांनी तिचं छोटं चित्र चौकटीत बसवून जिन्याखाली, पिण्याच्या पाण्याच्या नळाशेजारी लावलं. खाली नाव होतं, पण चौकटीच्या काचेवर दिव्याचा उजेड असा पडायचा की नाव वाचायला मान वाकडी करावी लागे.

वाचनालय उघडल्यावर एका मंगळवारी तलावावरून परस्पर सगळ्या बायका ते बघायला आल्या. ओल्या केसांनी जिन्याखाली गर्दी करून उभ्या राहिल्या. पाणी प्यायला आलेल्या एका माणसाला त्यांनी वाट दिली, पण त्याला पट्टे दाखवल्याशिवाय सोडलं नाही.

"छान आहे गं," टमटम बराच वेळ बघून म्हणाली. "पण खरं सांगू का, तू हात जरा स्थिर ठेवला असतास ना, तर आणखी छान आलं असतं. चेहरे दिसले असते."

"हो, मावशी," ती म्हणाली.

बायका जंगल बघायला वर गेल्या. त्यांचे "अगंबाई, केवढं" असे आवाज खाली येत होते. सासूबाई एकट्याच मागे राहिल्या. त्या चित्राच्या अगदी जवळ गेल्या, काचेवरचा उजेड चुकवायला त्यांनी पंजा आडवा धरला, आणि उजव्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या.

तिला उशीर होत होता. कामावर झाऱ्यांचा गठ्ठा वाट बघत होता. गाडी चुकीच्या जागी लावली होती, सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि तिला त्या भिंतीचा, त्या दिव्याचा, त्या नळाच्या टपटपीचा मनापासून वैताग आला होता. चावी मुठीत घेऊन ती पायरीवर बसली.

बऱ्याच वेळाने सासूबाईंनी हात खाली घेतला.

"चल," त्या म्हणाल्या. "गुडघा दुखायला लागला."